मागून कोरी आहे!

सोसायटीच्या ग्रुपवर मी एवढंच टाकलं होतं की गरजू मुलांसाठी शालेय साहित्य गोळा करतेय, द्यायचं असेल त्यांनी माझ्याकडे आणून द्यावं. खाली शाळेतल्या बाईंची यादीही जोडली. चाळीस दुरेघी वह्या, चाळीस एचबी पेन्सिली, तेवढेच खोडरबर, तेवढेच शार्पनर. यादी जेमतेम चार ओळींची. ती वाचली कुणीच नाही, पण तिच्याखाली जोडलेले हात मात्र धडाधड पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात पहिली पिशवी आली आणि संध्याकाळपर्यंत माझा हॉल म्हणजे साऱ्या इमारतीचा माळा झाला. चेन नसलेलं दप्तर ("बाकी एकदम दणकट आहे हो"). तीन वर्षांपूर्वीच्या डायऱ्या ("तारखा बघायच्याच नाहीत"). सतरा कोनमापक, सुटी पट्टी एकही नाही. शाळा सुटली की कोनमापकाला कुणी हात लावत नाही, म्हणून तो शाबूत राहतो; पट्टी पाठ खाजवायला तरी लागते. एका कर्कटकाचा स्क्रू इतका ढिला होता की वर्तुळ काढलं तर सुरुवातीचं टोक शेवटच्या टोकाला ओळखच देईना.

तळमजल्यावरच्या काकांनी कंपासपेटी दिली. उघडली तर आतला खोडरबर प्लॅस्टिकच्या पट्टीला असा चिकटलेला, की सोडवताना पट्टीवर चारपासून सहा सेंटिमीटरपर्यंत खड्डाच पडला. खोडरबर मऊ राहावा म्हणून त्यात जे मिसळतात, ते हळूहळू पट्टीच्या प्लॅस्टिकलाही विरघळवतं. पाच सेंटिमीटरची रेघ आता त्या पट्टीने कुणी काढू नये.

रात्री जेवणं आटोपल्यावर मी स्केचपेनं तपासायला बसले. दीडशेच्या वर होती. रद्दीच्या कागदावर एकेक ओढायचं, उमटलं तर डावीकडे, नाही तर उजवीकडे. अकरा वाजता डावीकडे बारा पेनं होती, त्यातली नऊ पिवळी. पांढऱ्या कागदावर पिवळं कुणी वापरतच नाही, तेव्हा ते संपणार कुठून! पेन्सिलींचीही तीच तऱ्हा. एका चित्रकार वहिनींनी उदार होऊन सिक्स-बीचा गठ्ठा दिला. पेन्सिलीत शिसं नसतंच, ग्रॅफाइट आणि माती असते. 1795 साली कोंते नावाच्या फ्रेंच माणसाने हे मिश्रण बसवलं. माती जास्त तर पेन्सिल कडक, कमी तर मऊ आणि काळीभोर. सिक्स-बीने चेहऱ्याच्या सावल्या फार सुंदर येतात. पहिलीतल्या मुलाने शुद्धलेखन लिहिलं तर वही, तळवा आणि नाक एकाच रंगाचं होईल.

पण माझा खरा अंत पाहिला तो वह्यांनी. प्रत्येक जण वही हातात देताना एकच वाक्य म्हणे, "मागून कोरी आहे!" म्हटलं, लिहिलेली पानं फाडू, उरलेली देऊ. शंभर पानी वही, म्हणजे पन्नास पाती, मध्ये पिना. पुढची वीस पाती ओढून काढली आणि मागची वीस कोरी पाती माझ्या मांडीवर येऊन पडली. कागद घडी घालून मध्ये पिन मारलेली असते, म्हणजे पुढच्या प्रत्येक पात्याचा मागे एक जुळा भाऊ असतो. एकाला घालवलं की दुसराही निघतो. हातात उरली दहा पाती. अशा वह्या मी तेवीस फाडल्या. हे सगळं मला दुसऱ्या वहीलाच कळलं होतं, तरी फाडतच राहिले, कारण तोवर राग चढला होता.

शेवटी ग्रुपवर लिहिलं, वस्तू पुरे, पैसे द्या. ग्रुप दोन दिवस शांत. मग मोजक्या सात घरांनी दिले, थोडे आम्ही घातले, आणि यादीतलं सगळं नवंकोरं आणलं. गंमत म्हणजे ही सात घरं पिशवी घेऊन आलीच नव्हती. मी मनातल्या मनात त्यांच्याबद्दल बरंच काही बोलून बसले होते.

शाळेत वाटप झालं. पोरांनी पहिल्यांदा काय केलं, तर वह्या उघडून नाकाला लावल्या. चाळीस नाकं, चाळीस वह्या. मी बाईंना म्हटलं, "या चार-पाच जास्तीच्या आहेत, थोड्या वापरलेल्या, पण मागून कोऱ्या आहेत." म्हणून झाल्यावर माझी मलाच लाज वाटली, पण वाक्य सुटलं होतं.

पहिल्या बाकावरच्या मुलीने त्यातली एक उचलली आणि उघडली. फाडायचं राहून गेलेलं एक पान होतं. कोंबडीचे पाय शाईत बुडवून नाचवावेत तसं अक्षर आणि खाली लाल शाईत शेरा, 'अक्षर सुधारा'. अक्षर माझ्या ओळखीचं होतं. ते माझ्या चिरंजीवांचं. स्वतःच्या घरातली ही वही पिशवीत मीच गुपचूप सरकवली होती.

मुलीने ते पान बराच वेळ निरखलं. मग स्वतःची नवी वही छातीशी घट्ट धरली, जुनी बाईंपुढे केली आणि म्हणाली, "बाई, हे ज्याचं आहे ना, त्यालापण एक दुरेघी द्या."