पेन्सिलीचा पंचनामा

शेरेबुकाच्या पानांना क्रमांक असतात, म्हणून त्यातलं पान फाडता येत नाही. नाहीतर परवाच फाडलं असतं.

आमची शाळा द्विशिक्षकी. गुरुजी प्रशिक्षणाला गेलेले, त्यामुळे पहिली ते चौथी माझ्या एकटीच्या गळ्यात. बाहेर खिचडी शिजत होती आणि मी मोबाइलवर पोषण आहाराची माहिती भरत होते. हजर मुलं 27, दर मुलामागं 100 ग्रॅम, म्हणजे तांदूळ 2 किलो 700 ग्रॅम. रेंज फक्त खिडकीच्या दुसऱ्या गजापाशी येते, म्हणून गजाला चिकटून उभी होते. तेवढ्यात गजापलीकडे आबा उगवले.

आबा हे माजी पोलीस पाटील. माजी झाल्याचं गावाला माहीत आहे, त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही.

"म्याडम, नातवाची पेन्सिल गेली."

"हरवली असेल आबा. ही घ्या दुसरी."

"भरपाईचं मागनं बघू. आधी पंचनामा."

मला वाटलं, थट्टा करताहेत. आबा आत आले, माझ्या खुर्चीत बसले आणि चष्मा पुसू लागले. नातवाला उभं केलं. पेन्सिल कधी गेली? "खिचडीच्या आधी." कुठल्या दिवसाच्या, हे त्याला सांगता येईना. वर्णन? लाल-काळे पट्टे, मागून चावलेली.

"कुणी चावली?"

"मीच."

"लिहा म्याडम, वळखीची खूण."

पंच दोन लागतात. एक चौथीचा मॉनिटर झाला. दुसऱ्या पंच म्हणून स्वयंपाकाच्या मावशींना डावासकट आत बोलावलं. "आबा, खिचडी खाली लागंल," त्या म्हणाल्या. "पंचानं मधी बोलायचं नसतं." मग मॉनिटरनं सांगून टाकलं, की तुमचाच नातू माझा खोडरबर खातो. आबांनी त्याच्याकडं चष्म्यावरून पाहिलं. "तो गुन्हा येगळा. त्याची तक्रार येगळी दे."

झालं! अख्ख्या वर्गाला आपापलं गेलेलं धन आठवलं. कुणाचं शार्पनर, कुणाची एका पायाची चप्पल. पहिलीतल्या एकीला मागच्या बाजारात विकलेली शेळी आठवली आणि तिनं भोकाड पसरलं. आबा तिलाही शेळीचा रंग विचारायला लागले.

शिक्षण हक्क कायदा 2009 मध्ये कलम 27 आहे. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला बिगरशैक्षणिक काम देऊ नये, असं त्यात लिहिलंय. खिचडीचा हिशेब यातल्या कशात बसतो, कुणास ठाऊक. मावशींचा हात चांगला आहे, त्यामुळे आपत्तीतही धरता येत नाही. मुलांच्या आधी चव मी घ्यायची, नोंदवहीत सही मी करायची, आधार जुळत नसेल तर पालकांच्या मागं मीच फिरायचं. दुसरीची हातच्याची बेरीज सोमवारपासून फळ्यावर अर्धी पडून आहे. हातचा एक कुठं ठेवायचा, हे पोरं विसरली. उद्या चाचणीत ती नापास झाली की विचारणार मात्र, "बाई, तुम्ही शिकवता काय?"

पेन्सिल सापडली नाही. मी दिलेली नवी पेन्सिल आबांनी नातवाकडून पोच घेऊन त्याच्या ताब्यात दिली. खिचडी अर्थातच लागली. निघताना त्यांनी शेरेबुक मागितलं. गावकऱ्याला नाही कसं म्हणणार? वळणदार अक्षरात त्यांनी लिहिलं: "शाळेस समक्ष भेट दिली. शिस्त बरी. भेटीचे वेळी शिक्षिका मोबाइलवर आढळून आल्या." खाली सही, तारीख, वेळ.

काल केंद्रप्रमुख आले आणि त्यांनी नेमकं तेच पान उघडलं. माझी बाजू मी तोंडी सांगितली. त्यांना पटलीही. "तरी पण लेखी खुलासा लागेल, मॅडम," ते म्हणाले. "फोटो काढून आजच ग्रुपवर टाका. शाळेच्या वेळेतच."