तेंदूपत्ता कवडीमोलाने कसा विकावा

ग्रामसभेच्या मंडळींनो, ठेकेदाराचं मन मोडू नका. त्यासाठी आधी लिलाव लांबवा. फेब्रुवारी-मार्चात खुटकटाई (तेंदूच्या झुडपांची छाटणी) झाली की साधारण दीड महिन्यात पान तोडणीला येतं आणि मेअखेर राठ होतं. राठ पान विडीला वळत नाही. त्यात वळिवाची सर आली तर फळीवर, म्हणजे पान गोळा करून वाळवायच्या मैदानावर, वाळत घातलेल्या पुड्यांना डाग पडतात. ठेकेदाराचा पैसा कितीही दिवस थांबतो, तुमचं पान थांबत नाही. तेव्हा पान हिरवं होऊ द्या, मग भाव विचारा.

शेजारच्या गावाशी तर बोलूच नका. गडचिरोलीच्या कोरची तालुक्यातल्या ग्रामसभांनी एकत्र येऊन महाग्रामसभा बांधली, तसला आगाऊपणा नको. दहा गावांचा माल एकत्र दिसला की लांबचे व्यापारीही बोली लावायला येतात. एका गावाच्या मालासाठी नेहमीचा एकटाच येतो. चहा पाजायलाही सोपं पडतं.

तोडणीची मजुरी किती आणि पानाच्या मालकीपोटी ग्रामसभेला मिळणारी रॉयल्टी किती, असं खोदून विचारू नका. मजुरीचा आकडा फुगवून सांगितला की सभा खूश होते. रॉयल्टी 'नंतर बघू'.

आता मोजणी. पुडा 70 पानांचा, प्रमाण गोणी 1000 पुड्यांची. ठेकेदाराचा दिवाणजी पुडा हातात घेऊन बोटाने कड उलगडतो, दोन फाटकी पानं काढून दाखवतो आणि म्हणतो, "पाच पानं वर घाला." घाला की! गोणीमागे 5000 पानं, म्हणजे 71 पुडे फुकट. नोंदवही त्याच्याकडेच राहू द्या, तुमचं अक्षर कुठे चांगलं आहे?

सगळ्यात धोक्याची वस्तू म्हणजे वाहतूक परवान्याचं पुस्तक. बांबूसाठी ते हाती पडेपर्यंत गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला 2011 उजाडलं. वनहक्काच्या नियमांत 2012 साली दुरुस्ती झाली आणि गौण वनोपजाचा (बांबू, तेंदूपत्ता त्यातच आले) परवाना द्यायचं काम ग्रामसभेच्या समितीकडे आलं. काही खडूस गावं रक्कम बँकेत जमा झाल्याशिवाय परवान्याचं पान फाडून देत नाहीत, मग बोद (तेंदूची पोती) भरलेला ट्रक नाक्याअलीकडे उभाच. तुम्ही असं वागू नका. सगळ्या पानांवर आधीच सह्या-शिक्के मारून पुस्तक दिवाणजीकडे द्या. करारही तोंडीच बरा, कागदावर हप्त्यांच्या तारखा येतात.

रॉयल्टी मागायला मृगानंतर जा. नाल्याला पूर असेल, ठेकेदाराचा फोन लागणार नाही, आणि माल केव्हाच गोदामात गेलेला असेल.