युद्ध चालू असताना भरतकामाचे कपडे कशाला?

आपल्या कॅनडातल्या एडमंटनच्या मराठी ग्रुपवर आज एकाने युक्रेनियन लोकांचा फोटो टाकला. भरतकामाचे सदरे घातलेली माणसं, कडेवर पोरं. खाली शेरा: "देशावर बॉम्ब पडतायत आणि यांना नटणं सुचतंय." त्यावर हसणारे इमोजी. डोकंच फिरलं माझं. ग्रुपवर वाद घालत बसणार नाही, इथे लिहिते.

मे महिन्याचा तिसरा गुरुवार, म्हणजे आज, हा त्यांचा विशिवांकाचा दिवस. विशिवांका म्हणजे हाच भरतकामाचा सदरा. २००६ साली युक्रेनमधल्या चेर्निव्त्सी विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी ठरवलं, एक दिवस सगळ्यांनी भरतकामाचे सदरे घालून यायचं. आता युक्रेनियन माणूस जिथे असेल तिथे हा दिवस पाळतो. युद्ध चालू आहे म्हणून तर जास्तच पाळतो!

आमच्या शेजारच्या आजींचं घराणं मूळचं पश्चिम युक्रेनमधल्या टर्नोपिलकडचं. गेल्या हिवाळ्यात त्यांनी ट्रंकेतून आपल्या आईचा सदरा काढून माझ्या मांडीवर ठेवला. घरी विणलेलं जाडंभरडं कापड, आणि बाह्या काळ्या लोकरीच्या धाग्याने अशा गच्च भरलेल्या की खालचं कापड दिसेना. तिकडच्याच बोर्श्चिव भागाची ही तऱ्हा. नुसती बाही हातात घेतली तरी वजन लागत होतं. मी ती उलटी करून बघितली, सवयच आहे. कुठे गाठ नाही, लोंबता धागा नाही. मनगटाशी मात्र कुणीतरी नंतर वेगळ्याच काळ्या धाग्याने रफू केलेलं. ते आजींनी स्वतः केलेलं, लग्नाआधी.

आता याला नटणं म्हणायचं?

ज्यांच्या भाषेत पुस्तकं छापायला रशियाच्या झारने १८७६ साली बंदी घातली, त्या लोकांच्या बायकांनी कापडावर जपायचं ते जपलं. पुढे सोव्हिएत काळात चारचौघांत असा सदरा घालणाऱ्याकडे 'राष्ट्रवादी' म्हणून संशयाने बघायचे. आणि कॅनडाने तरी काय केलं? पहिल्या महायुद्धात शत्रू असलेल्या ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातून आलेले म्हणून हजारो युक्रेनियन माणसांना छावण्यांत डांबलं. बॅन्फला आपण सगळे फोटो काढायला जातो ना, तिथल्या रस्त्यांवर या कैद्यांनी राबून काम केलंय. कॅसल माउंटनच्या पायथ्याशी छावणी होती. पुढच्या वेळी तिथे थांबून पाटी वाचा.

आजी लहानपणी असा सदरा घालायला तयार नसत. शाळेत पोरं चिडवायची, नावावरून, डब्यावरून, सगळ्यावरून. आई रविवारी चर्चला जाताना हा सदरा घालायची आणि या मुद्दाम चार पावलं मागे चालायच्या. हे सांगताना त्या बाहीवरून हात फिरवत होत्या. आज सकाळी तोच सदरा घालून त्या हा दिवस पाळायला बाहेर पडल्या. मी गाडीत बसवून दिलं.

हो, बाजारात मशीनवर छापलेले स्वस्त सदरे येतात आणि काही जण फोटोपुरते घालतात, मान्य. घालेनात. युद्धातून, खार्कीव्हहून पोरं घेऊन आलेली बाई भरत घालायला वेळ कुठून काढणार? तिने छापील घातला तरी तो तिचाच.

आणि आपण? गणपतीत नऊवारी नेसतो, नथ घालतो, बर्फाच्या देशात ढोल बडवतो. महाराष्ट्रात दुष्काळ असतो तेव्हाही. "शेतकरी मरतायत आणि यांना नटणं सुचतंय" असं इथल्या कुणी गोऱ्याने म्हटलं असतं तर हाच ग्रुप पेटून उठला असता.

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. शेरा टाकणारा मुलगा वाईट नाही, नवीन आलाय, त्याला कुणी सांगितलंच नसेल. एल्क आयलंड राष्ट्रीय उद्यानाच्या थोडं पुढे हायवे १६ वर युक्रेनियन हेरिटेज व्हिलेज आहे, पहिल्या वस्तीकऱ्यांची खरी घरं, चर्चं उभी करून ठेवलीत. या मोसमात उघडलं की एका शनिवारी आजींना घेऊन जाणार आहे. गाडीत दोन जागा आहेत. त्या मुलाने यावं, मी त्याला वेगळा मेसेज करतेय.