बाबांची फियाट काउंटर होणार नाही

आज सकाळी दहाच्या सुमारास एक गृहस्थ गाडी बघायला आले. किनाऱ्याकडे त्यांचं रेस्टॉरंट आहे, नाव लिहीत नाही. माणूस वाईट नव्हता. चपला काढून ओसरीवर बसले, आईने केलेला चहा घेतला, गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, फोटो काढले. मी बोनेट उघडायला गेले तर म्हणाले, "मॅडम, राहू दे. इंजिन तुम्ही काढून घेतलंत तरी चालेल. आम्ही ती मधोमध कापणार. पुढचा भाग काउंटरला बसवायचा, हेडलाइटमध्ये एलईडी घालायचे. लोक फोटो काढायला येतात." दोन लाख देतो म्हणाले. उद्याच टेम्पो पाठवतो म्हणाले.

मी बोनेटवर हात ठेवून तशीच उभी राहिले. आईच म्हणाली, "कळवतो तुम्हाला."

ते गेल्यावर अर्धा तास मी काही बोलले नाही. आता रात्री लिहायला बसलेय, कारण तुमच्यापैकी निदान सहा-सात जणांनी गेल्या वर्षभरात मला सांगितलंय की विकून टाक ती गाडी, मोकळी हो. प्रेमाने सांगितलंय, मला माहीत आहे. पण आज उत्तर द्यायचंच आहे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी. १९८२ची प्रीमियर पद्मिनी, क्रीम रंगाची. घरात तिला पद्मिनी कुणी म्हटलं नाही, फियाटच. तेव्हा गाडी बुक करून नंबर लागायची वर्षानुवर्षं वाट बघायची पद्धत होती, आणि बाबांनी ती बघितली. नंबर अजून 'जीडी'चा आहे, गोवा, दमण आणि दीव एकत्र असतानाचा. १०८९ सीसीचं इंजिन, गिअर स्टीअरिंगच्या दांड्यावर. लहानपणी मंगेशी, कवळे, म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, सगळं तिच्यातून. मग बाबांनी छोटी नवी गाडी घेतली आणि फियाट मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेली. अकरा वर्षं तिच्यावर ताडपत्री होती.

२०१८च्या जूनमध्ये मी दोन बॅगा आणि सात वर्षांची मुलगी घेऊन पर्वरीहून म्हार्दोळला माहेरी आले. पहिला पाऊस नुकताच लागला होता. बाबा दारात उभे होते. त्यांनी काही विचारलं नाही. मुलीला कडेवर घेऊन आत आईकडे दिलं आणि मला म्हणाले, "बाय, जरा मागे ये." शेडमध्ये गेलो. त्यांनी ताडपत्री ओढली, बोनेट उघडलं आणि म्हणाले, "दहाचा पाना आण."

बस. माझ्या लग्नाबद्दल त्या दिवशी आमच्यात एवढंच बोलणं झालं.

इंजिन जाम होतं. चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये तेल सोडलं आणि आठ दिवस तसंच ठेवलं. मग फॅनला धरून हाताने फिरवायचा प्रयत्न, पुन्हा तेल, पुन्हा आठ दिवस. बाबा बँकेतून निवृत्त झालेले, मेकॅनिक नव्हेत, पण त्या पिढीच्या माणसांना आपली गाडी आपणच उघडावी लागायची. ठिणगीच्या पॉइंटमधली गॅप मोजायला फीलर गेजची पट्टी नव्हती तर त्यांनी खिशातलं कदंबा बसचं तिकीट घडी करून मध्ये सरकवलं. "आधी ऐक, मग हात लाव," हे त्यांचं पालुपद. मी ऐकायची. त्या काळात घरी येणारा प्रत्येक जण मला काही ना काही सांगून जायचा, मामी, शेजारीण, देवळातली ओळखीची माणसं. एकाच जागी मला कुणी काही सांगत नव्हतं, आणि ती जागा म्हणजे शेड.

पुढची ग्रिल मिळेना. बाबा कुर्ल्याला जाऊन सीएसटी रोडच्या जुन्या पार्टच्या दुकानांतून हुडकून घेऊन आले. कोकणकन्येत बर्थखाली ठेवून, वर्तमानपत्रात गुंडाळून. अडुसष्ट वर्षांचा माणूस. मडगाव स्टेशनवर मी घ्यायला गेले तर ग्रिल छातीशी धरून उभे.

आता मला सांगा, ही कापायची?

खरं म्हणजे राग त्या रेस्टॉरंटवाल्याचा नाही. राग आहे "जुन्या आठवणी सोड, पुढे जा" या वाक्याचा. तुम्ही सगळे ही गाडी माझ्या मोडलेल्या संसाराच्या गाठोड्यात बांधता. लग्नाचा अल्बम, पर्वरीचा फ्लॅट, फ्रिज, आणि फियाट. अरे, ती त्या गाठोड्यातली नाहीच! त्या गाठोड्यातून मला बाहेर ओढलं तिने. त्या घरात असताना माझी भूक मेली होती. इथे शेडमध्ये ग्रीसचे हात रॉकेलने धुऊन मी आईने वाढलेल्या पानावर बसून दोनदा भात घ्यायला लागले.

आणि कोर्टानेही तेच केलं, गाठोड्यातच घातली. आपल्याकडे गोव्यात १८६७चा पोर्तुगीज नागरी कायदा. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोचं सगळं एकत्र, निम्मं-निम्मं. माहेरून आलेलंसुद्धा. २०१९ला बाबांनी गाडी माझ्या नावावर केली, नुसती आरटीओतून, कसलाही दस्त न करता. कुणाला सुचणार? घटस्फोटानंतर इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेची यादी करून वाटणी, झाली तेव्हा यादीत फ्लॅट, बँकेतल्या ठेवी, सोनं आणि शेवटच्या ओळीत "जुने चारचाकी वाहन, एक". बाबांच्या गाडीत माझ्या आधीच्या नवऱ्याचा निम्मा वाटा. तो तिच्यात कधी बसलासुद्धा नव्हता. त्याने गाडी मागितली नाही, किंमत मागितली. मी दिली. बाबा तोपर्यंत गेले होते, २०२१ला, त्यांना हे बघावं लागलं नाही.

हो, याच कायद्याने मला फ्लॅटचा निम्मा वाटा मिळाला, पुण्यात हा कायदा नाही, तिथल्या माझ्या मैत्रिणीला रिकाम्या हाताने निघावं लागलं. कबूल.

आणि दोन लाख कमी नाहीत हेही कबूल. मुलगी पुढच्या वर्षी दहावीला, तिचा क्लास, मग पुढचं शिक्षण. मुख्य म्हणजे जागा. हे घर काकांच्या आणि आमच्यात वाटलं जातंय आणि मागची बाजू शेडसकट काकांकडे जाते. भांडण नाही, रीतसर वाटणी आहे. मी आणि मुलगी फोंड्याला दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये जाणार, आई पुढच्या बाजूला राहणार. फ्लॅटला पार्किंग उघडं. आपला पाऊस तुम्हाला सांगायला नको.

या गाडीला वेगळी चेसिस नसते. बॉडी हीच चेसिस. पुढच्या काचेचं रबर सुकलं की पाणी आत झिरपतं, पायाखालच्या मॅटखाली साचतं, आणि मॅट उचलेपर्यंत पत्रा गेलेला असतो. ड्रायव्हरच्या बाजूचा फ्लोअर माझा तसाच गेलाय. जॅक लावला तर पत्रा आत दबतो. इंजिन घड्याळासारखं चालतंय आणि खालून ती विरघळतेय. वेल्डिंगचा अंदाज साठ ते सत्तर हजार, पत्रा उघडल्यावर आणखी काय निघेल ते वेगळं. वीस वर्षांवरच्या गाडीला नोंदणी नूतनीकरणाचे आता दहा हजार. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आल्यापासून गाडीतल्या पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा डायफ्राम मी दोनदा बदलला. उघड्यावर एक पावसाळा काढला तर पुढच्या वर्षी त्या गृहस्थांना कापायलासुद्धा काही उरणार नाही.

एक दूरचे नातेवाईक म्हणाले, थांब, २०३२ला पन्नास वर्षं झाली की व्हिंटेज होईल, मग बघ भाव. भाव येईल, नाही असं नाही. पण व्हिंटेजची नोंदणी केली की रोजच्या वापराला ती रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरती. बाबा तिच्यातून चतुर्थीला माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळा-फुलांचं, सामान आणायचे. भोपळे, नारळांचा घड, सुपारीचे घोस, डिकीचं दार दोरीने बांधून. तिला मखरात बसवायची असती तर आम्ही ताडपत्री काढलीच नसती.

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. आता ते सांगते जे मी आजवर कुणाला सांगितलं नाही.

गाडी सुरू झाली ती २०१९च्या दसऱ्याला. सोळा महिन्यांनी. सकाळी आईने झेंडूची माळ घातली. बाबा ड्रायव्हरच्या जागी बसलेच नाहीत, मला बसवलं. चोक ओढला, चावी फिरवली, दोनदा नुसती घरघर. तिसऱ्यांदा तिने एक खोकला काढला आणि धरलं. सगळी गाडी थरथरत होती आणि बाबांचा हात डॅशबोर्डवर होता, ताप बघावा तसा. आई पुऱ्या लाटायच्या सोडून पिठाच्या हातांनी बाहेर आली. मग आम्ही दोघंच मंगेशीपर्यंत निघालो. मी पहिल्यात, मग दुसऱ्यात. वळणावर बाबांनी समोर बघत विचारलं, "बाय, परत जायचं आहे का तुला तिकडे?"

सोळा महिन्यांत विचारलेला पहिला प्रश्न.

मी म्हटलं, "नाही."

"बरं," म्हणाले. "तिसरा टाक."

मी तिसरा टाकला. दुसऱ्या दिवशी वकिलांना फोन केला.

म्हणून ती चालली पाहिजे. माझ्याकडे राहावी असा हट्ट आहे, पण त्याहून मोठा हट्ट तिने चालावं हा आहे. चालवणारा कुणी असेल तर मी रडत का होईना, चावी देईन. गेल्या महिन्यात डिचोलीचा एक मुलगा आला होता, आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकलेला, चोवीस-पंचवीसचा असेल. आल्या आल्या जमिनीवर गोणपाट टाकून गाडीखाली शिरला. दहा मिनिटं आतून काही आवाज नाही, नुसता पत्र्यावर बोटांनी टकटक. बाहेर आला तो तोंडावर गंज घेऊन, आणि म्हणाला, "ताई, बाकी सगळं राहतंय, फ्लोअर आणि डावीकडचा कडेचा पत्रा नवीन करूया. एकदा सुरू करून ऐकवता?" ऐकलं. डोळे मिटून ऐकलं. त्याच्याकडे सत्तर हजार आहेत, तेही दोन हप्त्यांत. मी तेव्हा कळवते म्हणाले आणि कळवलं नाही. सत्तर कुठे आणि दोन लाख कुठे, हा हिशेब मीही करत होते.

आज संध्याकाळी त्याला फोन केला. विकते असं म्हटलेलं नाही. म्हटलं, आधी फ्लोअर कर, मजुरी देते, पत्रा मी आणते, आणि मी तुझ्याबरोबर काम करणार. पावसाळ्यानंतर, दसऱ्याला ठरवू कुणाच्या नावावर राहायची ती. तो म्हणाला, रविवारी येतो, ग्राइंडर घेऊन.

रेस्टॉरंटवाल्यांना आईने "नाही" असं कळवलं. मला बोलणं जमलं नसतं.

आता काम सांगते. फोंडा, बांदोडा, म्हार्दोळ, प्रियोळ, कुंडई या भागात कुणाकडे जून ते सप्टेंबर छप्पर असलेली जागा आहे का? गाडी चार मीटरच्या आत बसते. भिंती नसल्या तरी चालेल, फक्त वरून गळायला नको आणि वेल्डिंगसाठी लाइटचा पॉइंट हवा. भाडं देईन. शेड मला मेच्या शेवटापर्यंत रिकामी करायची आहे. मेसेज करा, नाहीतर सरळ घरी या, आई असतेच.