प्रश्नोत्तरं कापू नका

परवा एका व्याख्यानाला गेले होते. विषय शेतीचा, वक्ते विद्यापीठातले, अभ्यास दांडगा. वेळ साडेसहाची. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, परिचय, मग सहा जणांचे सत्कार. सरांच्या हाती माइक आला तेव्हा साडेसात वाजून गेले होते. पाऊण तास ते फार सुरेख बोलले. ते थांबताच जाहीर झालं, ‘वेळेअभावी प्रश्नोत्तरं घेता येणार नाहीत’, आणि लगेच आभार सुरू. माझ्या पुढच्या रांगेतल्या कॉलेजच्या मुलीनं वहीच्या पानावर प्रश्न लिहून ठेवला होता. तिनं त्या पानाची घडी घातली आणि पर्समध्ये टाकली. घरी येईपर्यंत तीच घडी डोळ्यासमोर होती.

मला याचं इतकं का लागतं, ते सांगते.

काही वर्षांपूर्वी आमच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेत अर्थशास्त्राचे एक प्राध्यापक रोजगार हमीवर, म्हणजे मागेल त्याला काम देण्याच्या सरकारी योजनेवर, बोलले होते. या योजनेचे जनक वि. स. पागे यांनी 1965 मध्ये तासगाव तालुक्यात केलेला प्रयोग, 1972 च्या दुष्काळात राज्यभर निघालेली कामं, 1977 चा कायदा आणि तो 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला तो दिवस, सगळं क्रमानं मांडलं. दांडेकर आणि रथ या अर्थशास्त्रज्ञांनी 1971 मध्ये गरिबीवरच्या अभ्यासात सार्वजनिक कामांचा मुद्दा कसा धरला होता, तेही सांगितलं. मग मस्टरवरून, म्हणजे कामाच्या हजेरीपटावरून, कामावर बाया किती, पुरुष किती, याचे आकडे दिले.

भाषण संपलं आणि मागून एक आजी उठल्या. नऊवारी, हातात कापडी पिशवी. म्हणाल्या, "सर, भात्तरला मी खडी फोडलीय. सुकडी खाऊन दिवस काढलेत. पण मस्टरवर नाव आमच्या मालकांचं. मग तुमच्या आकड्यात मी बाई धरली का गडी?"

सभागृह गप्प झालं. सर क्षणभर थांबले. मग म्हणाले, "आजी, मस्टर हाच आमचा पुरावा. त्यात तुम्ही नसाल, तर माझ्या आकड्यातही नाही." व्यासपीठावरून खाली उतरले, आजींच्या शेजारची खुर्ची ओढून बसले आणि वही काढली. कामावर कोण कोण जायचं, मुकादम नाव कसं लिहायचा, पगार कोणाच्या हातात पडायचा. अर्धा तास विचारत होते, आम्ही सगळे ऐकत होतो. त्या अर्ध्या तासात मला संशोधन म्हणजे काय ते कळलं.

समाजशास्त्र, इतिहास, अर्थशास्त्र हे विषय ज्यांच्याबद्दल असतात ती माणसं समोरच्या खुर्च्यांवर बसलेली असतात. परिसंवादात ती भेटत नाहीत. म्हणून तर आपल्याकडे ही परंपरा इतकी जुनी आहे. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकारानं पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली ती 1875 मध्ये. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1939 च्या जानेवारीत गोखले संस्थेच्या काळे स्मृती व्याख्यानात ब्रिटिशांच्या 1935 च्या कायद्यातल्या संघराज्याची चिकित्सा केली. केंद्रीय कायदेमंडळात संस्थानिकांनी नेमलेल्या प्रतिनिधींमुळे स्वातंत्र्याचं काय होईल, हा प्रश्न तेव्हा सगळ्या देशापुढे होता आणि त्यांनी तो भर सभेत मांडला.

प्राध्यापकांचीही अडचण मला दिसते. शोधनिबंधाला गुण मिळतात, परिषदेतल्या भाषणाला मिळतात. तालुक्याच्या वाचनालयात एस.टी.नं येऊन मराठीत दीड तास बोलणाऱ्याच्या बढतीच्या फॉर्मवर काय चढतं? तरी जे येतात त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. एवढंच वाटतं की त्यांनी आमंत्रण घेतानाच आयोजकांना ठणकावून सांगावं: प्रश्नांना अर्धा तास नसेल तर मी येणार नाही. आणि मराठीतच बोलावं. ‘सबाल्टर्न’ म्हणायचं असेल तर जरूर म्हणा, पण त्याचा अर्थ, म्हणजे ज्यांचा आवाज कागदावर येत नाही ती तळातली माणसं, त्या आजींना कळेल असा सांगा. तसं सांगता येतं, मी ऐकलंय.

येत्या रविवारी आमच्या व्याख्यानमालेची बैठक आहे. सत्कार एकच, तोही शेवटी. परिचय छापून खुर्चीवर ठेवायचा. एक माइक पहिल्यापासून खाली, लोकांत. हे तीनही मुद्दे मी लिहून नेणार आहे. आजी आता नाहीत. त्यांची नात आमच्या समितीवर आहे, ती अनुमोदन देणार आहे.