वस्ती आली की मूठ सोडा!

बाईकवाल्यांनो, वळणावळणाचा डोंगररस्ता मलाही जीव की प्राण. पण त्याच्या तोंडाशी घरं आहेत, रविवारी पहाटे तिथे माणसं झोपलेली असतात, हे दर वेळी कसं विसरता? सायलेन्सरमधला बॅफल, म्हणजे आवाज दाबणारा भाग, काढायचा आणि दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन किंचाळवत खिडक्यांखालून जायचं! अरे, १० डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा १० पट होते. वरचा गिअर टाका, आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे, उतरू द्या. दोन मिनिटांची तर वस्ती! ऑस्ट्रियातल्या टिरोलमध्ये २०२० साली ९५ डेसिबलवरच्या मोटारसायकलींना काही रस्ते उन्हाळ्यापुरते बंद झालेच ना? आपले आवडते रस्ते असेच गेले, तर बोंबलायला सगळ्यात पुढे हे बॅफल काढणारेच असतील.