बाहेरचा रस्ता कृपया विचारू नये

मुळशीत पाच गुंठे घ्यायचे ठरले की तुम्ही वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढता, सातबारा आणि फेरफार डोळ्यांत तेल घालून वाचता, शेजारच्या शेतकऱ्याला चहा पाजून पाणंद नक्की कुणाची ते काढून घेता, आणि एवढे करून सहा महिने ‘बघू’ म्हणता. हा संशयी स्वभाव मुळशीपुरता ठीक. परक्या देशात, त्यातही उदयोन्मुख अर्थव्यवस्थेत, पैसे घालताना मन मोठे ठेवावे. सातासमुद्रापार कोण सातबारा मागतो?

आधी नावाला मान द्या. 1981 साली जागतिक बँक गटातल्या आयएफसीमध्ये काम करणारे आन्त्वान व्हान आख्तमाल ‘तिसऱ्या जगाचा’ शेअर फंड काढायच्या खटपटीत होते. कल्पना बरी आहे, पण या नावाने विकला जाणार नाही, असे त्यांना ऐकावे लागले. त्यातून ‘इमर्जिंग मार्केट्स’ हा शब्द निघाला. देश तेच, धोके तेच, पाटी नवी. पाटीची ताकद पुणेकरांना समजावून सांगायला नको.

प्रत्यक्ष पाहणी हवीच असेल, तर ती सहलीच्या बसमधून करावी. सहा रात्री, सात दिवस, नाश्ता धरून. खिडकीतून क्रेन मोजा, मॉलमधली गर्दी पाहा. विमानतळाची फरशी लोहगावपेक्षा चकचकीत असेल तर निम्मा अभ्यास झाला. कोलंबोत तर चिनी कर्जाच्या मदतीने बांधलेला साडेतीनशे मीटर उंच कमळ मनोराच आहे. 12 एप्रिल 2022 ला श्रीलंकेने परदेशी कर्जाची फेड थांबवल्याचे जाहीर केले आणि त्याच सप्टेंबरात हा मनोरा लोकांसाठी खुला झाला. तिकीट काढून वर जावे, वरून पेट्रोलच्या रांगा दिसत नाहीत.

उरलेला निम्मा अभ्यास म्हणजे विकासदर. तो सरकार सांगेल तोच धरावा. नायजेरियाने एप्रिल 2014 मध्ये जीडीपी मोजायचे आधारवर्ष, म्हणजे तुलनेसाठी धरायचे वर्ष, 1990 वरून 2010 वर आणले, आणि अर्थव्यवस्था एका रात्रीत 89 टक्क्यांनी मोठी झाली; दक्षिण आफ्रिकेला मागे टाकून आफ्रिकेत पहिली. त्या रात्री एकही कारखाना उभा राहिला नव्हता. अर्जेंटिनाने उलट्या बाजूने कसब दाखवले. तिथली सरकारी आकड्यांतली महागाई वर्षानुवर्षे इतकी सभ्य होती की 2013 मध्ये नाणेनिधीलाच जाहीर कानउघाडणी करावी लागली. याच देशाने 2017 मध्ये शंभर वर्षांचे डॉलर रोखे विकले, 2.75 अब्जांचे. पणतवंडांची सोय म्हणून लोकांनी ते घेतलेही. पणतवंडे व्हायच्या आत, 2020 मध्येच, त्यांची पुनर्रचना झाली, म्हणजे ठरलेल्या अटींवर फेड होणार नाही असे ठरले.

परकीय गंगाजळीच्या, म्हणजे देशाच्या तिजोरीतल्या परकी चलनाच्या, वाटेला मात्र चुकूनही जाऊ नका. त्यात तीन हिशेब असतात आणि तिन्ही कागदाच्या एका पाठीवर मावतात. गंगाजळीला महिन्याच्या आयातीने भागायचे. उत्तर तीनपेक्षा कमी आले की कपाळाला आठ्या. मग तीच गंगाजळी पुढच्या बारा महिन्यांत फेडायच्या परदेशी कर्जाशेजारी ठेवायची. ती कमी पडली तर पंखा लावायचा. तिसरा हिशेब सर्वांत अप्रिय: या रकमेतले हात लावता येण्याजोगे किती?

मार्च 2022 अखेर श्रीलंकेच्या कागदावर सुमारे 1.9 अब्ज डॉलर होते. त्यातले दीड अब्ज म्हणजे चीनच्या मध्यवर्ती बँकेशी झालेला 10 अब्ज युआनचा चलन अदलाबदलीचा करार. अट अशी की आधी तीन महिन्यांच्या आयातीपुरती गंगाजळी हवी, तरच हे युआन वापरायचे. म्हणजे गरज नसेल तेव्हा हजर. ते वजा केल्यावर उरली साधारण आठवड्याची आयात. मे महिन्यात अर्थमंत्र्यांनीच सांगितले की खरोखर वापरता येतील असे 5 कोटी डॉलरही नाहीत. कागदावरचा 1.9 चा आकडा खोटा नव्हता बरे का! तळटीप कुणी वाचत नाही, एवढेच.

चलनाचा विषय निघालाच तर व्याजदर दाखवून गप्प करावे. 2020 च्या अखेरीस इथल्या ठेवीवर साडेपाच टक्क्यांच्या आसपास, तुर्कस्तानात अठरा. याहून सोपा निर्णय कोणता? डिसेंबर 2020 अखेर डॉलरला साधारण 7.4 लिरा मिळत. शंभर डॉलरचे 740 लिरा झाले, अठरा टक्क्यांनी वर्षभरात 873. वर्षअखेर भाव 13.3. भागाकार केला तर हाती 65 डॉलर आणि वर थोडी चिल्लर. व्याज चोख मिळाले, तक्रारीला जागा नाही. मार्चमध्ये व्याजदर दोन टक्के वाढवणाऱ्या गव्हर्नरला दोनच दिवसांत घरी पाठवले होते आणि सप्टेंबरनंतर, महागाई चढत असताना, दर 19 वरून 14 वर आणले. म्हणून मध्यवर्ती बँकेचा गव्हर्नर किती दिवस टिकतो हे बघणारे लोक असतात. भाडेकरू किती महिन्यांत बदलतात यावरून घरमालक ओळखणारी जमात ती. तुम्ही त्यांच्या नादी लागू नका.

आता बाहेर पडण्याचा रस्ता. पुण्यात दुकान एक ते चार बंद असते, त्याची आपल्याला सवय आहे. मलेशियाने 1 सप्टेंबर 1998 ला बंद केले ते बारा महिन्यांसाठी. शेअर विका हवे तर, पण पैसे वर्षभर देशाबाहेर न्यायचे नाहीत. इजिप्तमधल्या क्रांतीच्या वेळी कैरोचा शेअर बाजार जानेवारी 2011 च्या अखेरीपासून 23 मार्चपर्यंत बंद होता. न्यूयॉर्कमध्ये मात्र त्याच बाजारावरचा ईटीएफ, म्हणजे शेअरसारखा विकला जाणारा फंड, चालू! आतले शेअर गोठलेले, वरचा भाव नाचतोय. आणि 9 मार्च 2022 चा बाजार बंद झाला तेव्हा शेअर निर्देशांक बनवणाऱ्या एमएससीआय कंपनीने रशियन शेअर निर्देशांकातून काढताना त्यांचा भाव जवळजवळ शून्य धरला. कंपन्या चालू, तेल चालू, नफाही चालू. सहकारी बँकेवर निर्बंध आले की पासबुकातले पैसे दिसतात पण निघत नाहीत, तसेच हे. फरक इतकाच की शाखेसमोर जाऊन ओरडायची सोय नाही.

दार बंद व्हायच्या आधी कुरकुरते, पण ते ऐकायला वेगळे कान लागतात. डॉलरचा सरकारी दर आणि रस्त्यावरचा दर यांत फट पडली की समजावे. इजिप्तमध्ये ती कितीतरी महिने रुंदावत होती. 6 मार्च 2024 ला पौंड एका दिवसात डॉलरला 31 वरून 50 च्या आसपास गेला. दुसरी खूण विमान कंपन्या. त्या तिकिटे स्थानिक पैशात विकतात आणि इंधनाला डॉलर मोजतात, त्यामुळे डॉलर आटले की पहिल्या त्याच अडकतात. एमिरेट्सने 2022 मध्ये नायजेरियाची उड्डाणे थांबवली ती याच पायी. नायराचा दर त्यानंतर, जून 2023 मध्ये, मोकळा सोडला गेला. अर्थात हे सगळे पेपरात आतल्या पानावर येते, आणि आतल्या पानावर आपण शब्दकोडे सोडवतो.

इतके पटले असेल तर पैसे पाठवा. एलआरएस या रिझर्व्ह बँकेच्या परदेशी पैसे पाठवायच्या योजनेखाली माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर जातात. 10 लाख रुपयांवरच्या रकमेवर बँक 20 टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापेल. तो विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर पैसा सरकारकडे बिनव्याजी. विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचे परिशिष्ट असते आणि त्याचे वर्ष जानेवारी ते डिसेंबर, आपले एप्रिल ते मार्च नव्हे. सीएला हे 30 जुलैच्या रात्री सांगावे, त्यांना जागरणाची सवय असते.

शेवटचा कागद वारसांचा. तुर्कस्तानचा ईटीएफ अमेरिकेत नोंदवलेला असेल, तर तुमच्या पश्चात तिथल्या 60 हजार डॉलरवरच्या मालमत्तेवर अमेरिकेचा वारसाकर लागू होतो, 40 टक्क्यांपर्यंत. भारताशी याबाबत करारही नाही. देश तुर्कस्तान, पैसे कोथरूडचे, कर वॉशिंग्टनला. नॉमिनीच्या रकान्यात मुलाचे नाव स्वच्छ अक्षरात लिहा आणि त्याला यातले काही सांगू नका. उगाच आत्ताच विचारेल.